फ्रिक्वेन्सीवरचा श्वास

आमी नांद्याचेच, पिढ्यान्‌पिढ्या भातवाले, म्हंजे होतो, आता खाचरं होती तितं इमारती हायेत आन आमच्या घरावर दोन मजले चढवून खोल्या हिंजवडीच्या कंपनीवाल्यांना भाड्यानं दिल्यात. शेजारच्या चांदे गावात माझं इलेक्ट्रिकचं दुकान. पंखा, मिक्सर, पाण्याची मोटार, जे बंद पडंल ते आणा. पण काय सांगू तुमाला, माझा जीव सगळा हॅम रेडिओत. परीक्षा देऊन परवाना काढायचा, घरात वायरलेसचा सेट लावायचा आन लांबच्या अनोळखी माणसाला इचारायचं, माझा आवाज कसा येतोय. तो म्हणणार चांगला येतोय, की दोघंबी खूश. बायको म्हणते, एवढंच इचारायचं तर मला इचारा, मी सांगते, लई मोठा येतोय. आन आबा, म्हंजे आमचे वडील, ते तर सेटला डबडंच म्हणायचे. गच्चीवरच्या अँटेनाकडं बघून म्हणायचे, कावळ्यांची चांगली सोय केलीस रे बाबा.

ह्या सेटचं एक ध्यानात ठेवा. माइकचं बटण दाबलं की आपण बोलतोय, सोडलं की ऐकतोय. बोलत असताना सेट ठार बहिरा. म्हंजे माणसासारखाच.

तर यंदाच्या उन्हाळ्यात आमी आसपासचे हॅमवाले जिच्यावर बोलतो त्या फ्रिक्वेन्सीवर कुणीतरी श्वास घ्यायला लागलं. भर दुपारचं. बोलणं न्हाई, नाव न्हाई, नुसता श्वास. आत जायचा, जरा थांबायचा, बाहेर यायचा. आन मधीच थांबायचाच. इतका थांबायचा की ऐकणारा अस्वस्थ व्हायचा, आन मग एकदम वढ घेतल्यावाणी परत चालू. इचारलं कोण हाय, तर उत्तर न्हाई. परत नुसतं आत, बाहेर. ऊन उतरलं की बंद. माझ्या दुकानात एक हातातला छोटा सेट असतो, त्यावर तर असा ऐकू यायचा की मानेवर कुणी फुंकर घालतंय. मी मागं वळून बघायचो. आन शहाणपण बघा माझं, मी सगळ्यांना फुशारकीनं सांगायचो, तुमाला बारीक येतो, मला कसा खणखणीत येतो, माझा सेटच भारी.

पौडाचा विलास आमच्यातला जुना. तो म्हणाला, हे मुळशीच्या धरणातनं येतंय, पाण्याखाली गावं हायेत तितली. मी म्हटलं, पाण्याखालच्या माणसाला परवाना कुणी दिला? हसलो, पण दोघंबी जरा कमीच हसलो. शेवटी ठरलं की रविवारी दिशा दाखवणारी अँटेना घेऊन शोधायचं. ती हातात धरून गोल फिरायचं, आवाज जिकडं मोठा तिकडं पाठवणारा.

बायको त्या दिवशी मावशीकडं गेलेली. आबा घरी. त्यांना साखरेचं औषध चालू हाय, निघताना मी म्हटलं, आबा, भाकरी झाकून ठेवलीया. ते म्हणाले, जा तू तुझं भूत पकड, मला भाकरी सापडती.

धरणाच्या काठाला पोचलो तवा श्वास चालूच होता. विलासनं अँटेना फिरवली. रस्त्याकडं बारीक, डोंगराकडं बारीक, आन पाण्याकडं केली की मोठा. वारा न्हाई, माणूस न्हाई, पाणी तव्यासारखं थिजलेलं, आन त्याच्यातनं श्वास येतोय. विलासनं अँटेना खाली घातली. म्हणाला, चल बाबा, हितनं. मग गाडीत बसल्यावर माझी अक्कल जागी झाली. म्हटलं, अरे, पलीकडच्या डोंगराला आपटून येतंय ते, भिंतीवरनं चेंडू येतो तसं. खरा पाठवणारा आपल्या पाठीमागं हाय.

पौडात उतरून बघितलं तर अँटेना पूर्वेला. पिरंगुटाला बघितलं तर सरळ नांद्याकडं. मी म्हटलं, अँटेना खराब हाय. विलासनं ती परत फिरवून बघितली, परत नांद्याकडंच. आन म्हणाला, तुझ्या घरी फोन लाव.

आबांना कमी ऐकू येतं म्हणून त्यांच्या मोबाइलला मी कोंबड्याची बांग लावून दिलीया. मी फोन लावला. आन माझ्या मांडीवरच्या छोट्या सेटमधनं कोंबडा आरवला.

एकदा आरवला, दोनदा आरवला, आन मागं तो श्वास. कोंबडा एवढा वरडतोय तरी श्वास हलंना. तवा मला कळलं. घरचा सेट मी दिवसभर चालूच ठेवतो, त्या खोलीत कूलर हाय, आबा दुपारचे तितंच पडतात. हुकावरचा माइक रोज खाटंवर पडत असंल, अंगाखाली बटण दाबलं जात असंल. त्या माइकच्या बटणातलं रबर उन्हात फुगतं, दाबलं की परत वर येत न्हाई, गारवा आला की आपोआप सुटतं. लई वेळ चालू राह्यलं तर सेट स्वतःच गप्प होईल असं पुस्तिकेत छापलंय, ते पुस्तिकेपुरतंच. म्हंजे इतके दिवस आमी सगळे माझ्या बापाला इचारत होतो, कोण हाय, आन बटण दाबलेलं म्हणून तिकडचा सेट बहिरा.

तेवढ्यात श्वास थांबला. मी आबा म्हणून सेटवर वरडलो. कुणाला ऐकू जाणार? मग एक आला, बारीक, घरघरता.

वरच्या खोलीत सूर्यवंशी राहतात, लातूरकडचे, घरूनच कंपनीचं काम करतात. त्यांना फोन केला, म्हटलं, सर, खाली पळा, दार उघडंच असतं. आन मग सेटमधनं जिन्यावरची पावलं ऐकली. दार ऐकलं. आबा, ओ आबा, उठा की, हे ऐकलं. खाट करकरली, आन कट्‌ झालं.

सगळंच बंद. श्वास न्हाई, पावलं न्हाई, नुसती खरखर. हलवाहलवीत बटण सुटलं होतं, पण त्या वक्ताला हे कुणाच्या डोक्यात येतंय. पुढं रविवारच्या सहलीवाल्यांच्या गाड्यांची रांग, विलास हॉर्न मारतोय, सूर्यवंशी फोन उचलत न्हाईत, आन मी, ज्यानं आठवडाभर तो श्वास बंद व्हावा म्हणून धडपड केली, तो सेट कानाला लावून म्हणतोय, परत ये रे बाबा, परत ये.

घरी पोचलो तर आबा भिंतीला टेकून बसलेले, सूर्यवंशींनी भरवलेली साखर तोंडाला लागलेली, अंग घामानं भिजलेलं. गोळी घेतली आन भाकरी विसरले, रक्तातली साखर एकदम खाली गेली. दवाखान्यात नेलं, डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचले. पुरते शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं इचारलं काय, तर, घावलं का भूत?

माइक मी मोडून फेकला, नवा लावला. विलास परवा म्हणत होता की आबा दवाखान्यात होते त्या दुपारीबी त्याला श्वास ऐकू आला. माझा सेट तवा बंद होता, वायर काढलेली. मी म्हटलं, तुझ्या सेटमधी दोष असंल. तो म्हणाला, असंल. 

आता दुपारी मी दुकान बंद करतो आन आबांच्या खाटंपाशी येऊन बसतो. रेडिओ लावत न्हाई. त्यांचा श्वास मधीच थांबतो, डॉक्टर म्हणतात ह्या वयात चालायचंच. तेवढा वेळ मीबी माझा धरून ठेवतो. त्यांचा आला की मग माझा सोडतो. देव करो आन सगळ्यांच्या घरी असाच येत राहो.