लस माझ्या फ्रिजात आहे

शालन : आई, सरका ना फ्रिजपुढून. डॉक्टर थर्मास घेऊन कधीचे उभे आहेत.

भागीरथी : उभे कशाला? खुर्ची आहे, पंखा आहे. बसा म्हणावं. फ्रिज मात्र उघडायचा नाही.

डॉक्टर : भागीरथीबाई, खाली दवाखान्यात सगळा स्टाफ बाह्या वर करून बसलाय. आमचा फ्रिज जळाला म्हणून काविळीची लस तुमच्याकडे ठेवली.

भागीरथी : ठेवलीत ना? मग सांभाळली मी. दोन दिवस घरात कुणाला गार पाणी दिलं नाही. पोरगा ओरडला, नात रडली. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका म्हणाली माझी ही सून, तुमची सिस्टर, नाही ठेवली. आता एवढंच सांगा, यात तुळशीच्या वाट्याची सुई कुठाय?

डॉक्टर : तुळशी? आपली आया?

भागीरथी : हो, आया. बाळंतिणींच्या चादरी धुते ती.

शालन : आई, सरांशी असं काय बोलता!

भागीरथी : तू गप. चादरीच्या घडीत सुई राहते अन् तिच्या बोटात घुसते, हे मला कुणी सांगितलं? तूच ना? दिवाळीपासून दोनदा.

डॉक्टर : मला कुणी बोललं नाही.

भागीरथी : कोण बोलणार? काम जाईल म्हणून ती बोट लपवते. अन् सुनेला तुमचा धाक. माझा जेवढा हवा तेवढा नाही.

डॉक्टर : अहो, बाटलीत दहा जणांपुरतीच लस आहे. आम्ही डॉक्टर, सिस्टर, लॅबवाला मिळून नऊ. दहावी मेव्हण्यासाठी ठेवलीय. गुरुदत्तला शब्द दिलाय.

भागीरथी : तो काय करतो?

डॉक्टर : कॅम्प तीनच्या बाजारात जीन्सचं दुकान आहे.

भागीरथी : त्याच्या जीन्समधून रक्त गळतं का?

शालन : आई!

डॉक्टर : हसू नका शालन. बाई, ही कावीळ रक्तातून लागते, लिव्हर खाते. त्याला भीती वाटते.

भागीरथी : म्हणजे भीती त्याला अन् वापरलेल्या सुया टोचतात तुळशीला. छान चाललंय तुमचं.

शालन : सर, मी तुळशीला विचारलं होतं. ती म्हणाली, कावीळ झालीच तर सोनिवली गावात जाऊन कावीळ उतरवायची माळ घालून घेईन.

भागीरथी : मलाही तेच म्हणाली. मी म्हटलं, अगं बये, माळेनं भागलं असतं तर डॉक्टर स्वतःला टोचून घेतील का?

डॉक्टर : गुरुदत्तला काय सांगू?

भागीरथी : सांगा, एक म्हातारी आडवी आली. खोटं कुठाय?

डॉक्टर : बरं. पण एकदा घेऊन भागत नाही. पुढच्या महिन्यात परत, सहाव्या महिन्यात परत. ती येईल?

भागीरथी : मी आणीन, हाताला धरून.

डॉक्टर : मग पहिली तिलाच देतो. बोटाचंही बघतो, रक्त तपासू. आणि शालन, यापुढे वापरलेली सुई चादरीवर दिसली तर मी सिस्टरांना विचारीन, तुळशीला नाही.

शालन : हो सर.

भागीरथी : आता उघड फ्रिज. हळू, अख्खा नको उघडूस.

डॉक्टर : तुळशीला बोलावून घ्या मग.

भागीरथी : बोलवायचं काय, सकाळपासून माझ्या स्वयंपाकघरात बसलीय. तुळशे, ये बाहेर. अगं, थर्मास कशाला उचलतेस? ठेव. आज डॉक्टर नेतील.