सोळा दिवसांची टेकडी

नको नको, वर चढू नका साहेब — टेकडी ठिसूळ आहे. म्हणजे मातीच तशी. तुम्ही मोजणीवाले, तुम्हाला मी काय सांगणार — पण इथूनच मोजा ना, फाटकापासून. चहा आणू? नको? बरं. आणि माझ्याकडे रोखून बघू नका, माझी जीभ अडखळते. हे तुमच्या ऑफिसचं पत्र. सातवीत शाळा सोडली मी, पण हे तोंडपाठ आहे — ‘उपग्रहाच्या नकाशानुसार सदर जागी नऊ मीटर उंचीची टेकडी असल्याने नवा रस्ता तिला वळसा घालून नेण्यात येईल.’ आणि टेकडी नसती तर? तर सरळ. सरळ म्हणजे आमच्या सॉ मिलमधून आत, स्वयंपाकघरातून बाहेर. आई ओट्यापाशी उभी असते ना, बरोब्बर तिथून ट्रक.

टेकडी होतीच हो, खोटं कशाला बोलू? आजोबांनी करवत लावली तेव्हापासून साठलेली. वर गवत उगवलं, शेळ्या चरायच्या. इतक्या उंचावरून बघणाऱ्याला काय कळणार, भुसा की डोंगर? मी त्याला दोष देत नाही. बाबा तर म्हणाले, ‘जन्मात कुणी विचारलं नाही आपल्याला, शेवटी आभाळातून दखल घेतली!’ पण पत्र यायच्या आठच दिवस आधी पोल्ट्रीवाला सगळं घेऊन गेला, कोंबड्यांखाली पसरायला. आख्खा डोंगर — ट्रॅक्टर भरभरून — भुसा? मी भुसा म्हटलं? माती हो. माती.

बरं, भुसा. पण आता आहे ती त्याहून भक्कम आहे. खाली ओंडके, त्यावर आजीचं कपाट, तिन्ही पलंग — आम्ही जमिनीवरच झोपतो, पाठीला बरं असतं — मग बांबू, ताडपत्री, आणि गवत मी स्वतः लावलंय, रोज पाणी घालतो. उपग्रह दर सोळा दिवसांनी सकाळी साडेदहाला डोक्यावरून जातो म्हणे. त्या दिवशी आई सकाळपासून शेळ्या वर चढवते. दोन तर शेंड्यापर्यंत जातात. फसवणूक कसली त्यात? नकाशात आहे तसंच आम्ही ठेवलंय — उलट तुमची चूक सुधारली आम्ही, जमिनीवर.

खोकला? कुठे? नाही, टेकडीलाच येतो अधूनमधून. जुनी आहे.

किती आलं? आठ मीटर वीस? छे, नऊ आहे, पत्रात आहे ना — थांबा, आकडा लिहू नका. एक मिनिट. अहो बाबा! बाबा, ऐंशी कमी पडतंय — उभे राहा!

हां. आता लावा डोळा यंत्राला. आलं? नऊ? लिहा. पेन्सिलीने नको, पेनाने लिहा. लिहिलंत? मग निघा आता साहेब, पटकन. चहा पुढच्या खेपेला — त्यांचे गुडघे दुखतात हो, फार वेळ टेकडी होववत नाही त्यांना.