बारा हजार पिल्लं आणि एक साडू

...आणि मला फोनवर म्हणतो काय, "दोन दिवस थांबवा!" थांबवा? अहो, काय थांबवा? मंगळवारी सकाळी साडेसातला मी उबवणीच्या यंत्राचं दार उघडून उभा, आत पंधरा हजार अंडी, जिकडे बघावं तिकडे तडे गेलेले, कुणाची चोच बाहेर, कुणाची मान बाहेर, एकजण तर अर्ध्या कवचाची टोपी घालून माझ्याकडेच टक लावून बघतोय, आणि हा गृहस्थ म्हणतो थांबवा! काय सांगू मी त्यांना? 'बाळांनो, जरा पाय आत घ्या, बाजार मंदा आहे'? तुम्हाला सांगतो, अंडं काही कुणाला विचारून फुटत नाही!

हा गृहस्थ म्हणजे माझा साडू. सख्ख्या मेहुणीचा नवरा. मी कोंबड्यांच्या कंपनीत, हॅचरीवर, म्हणजे जिथे अंडी उबवून पिल्लं काढतात तिथे, चोवीस वर्षं. तो त्याच कंपनीच्या हेड ऑफिसात, तीन वर्षं. आणि लावला कुणी? मीच! बायको म्हणाली, "अहो, ताईच्या यजमानांसाठी साहेबांकडे एक शब्द टाका ना." टाकला. तुम्हाला सांगतो, शब्द टाकण्याआधी माणसाने जीभ चावून घ्यावी, निदान दुखतं तरी आपलं आपल्यालाच!

त्याचं काम काय, तर ट्रेंड बघणं. दर शुक्रवारी एक कागद येतो. सगळ्या कंपन्यांनी मिळून किती अंडी यंत्रात भरली, किती पिल्लं निघाली, किती पिल्लं वाढवायला शेडवर टाकली. त्या टाकण्याला ऑफिसात म्हणायचं प्लेसमेंट, म्हणजे पगार जास्त मिळतो. तर हा कागद हातात घेऊन साडू तोंडाचा चंबू करतो आणि म्हणतो, "ट्रेंड वर आहे." पुढच्या शुक्रवारी चंबू दुसऱ्या बाजूला. "ट्रेंड खाली आहे." आयुष्यात याने कोंबडीला हात लावलेला नाही, ताटातली सोडून!

तीन आठवड्यांपूर्वी असाच आला. "साडूभाऊ, कागद बघितलात? सगळीकडे पिल्लांची टंचाई. भाव चढणार. भरा यंत्रं!"

म्हटलं, "अहो, हा कागद तुम्हाला एकट्यालाच येतो का?"

"छे छे, सगळ्यांनाच येतो."

"मग सगळेच भरतील की!"

तर हसला. लहान पोराने बोबडं बोलावं तसा माझ्याकडे बघून हसला. "तुम्ही यंत्राकडे बघा. बाजाराकडे मी आहे."

भरली. अठरा दिवस तासातासाला कूस बदलून दिली त्या अंड्यांना. स्वतःच्या पोरांना मी इतक्या वेळा कुशीवर वळवलेलं नाही! ऊब इतकी, दमटपणा इतका, एक काटा इकडेतिकडे नाही. मग शेवटचे तीन दिवस दुसऱ्या यंत्रात, फुटायला. आणि झालं काय? जे माझ्यासारख्या अडाण्याला दिसत होतं तेच. सगळ्यांनीच भरली होती! सतराव्या दिवशी नवा कागद आला, चंबू फिरला, आणि साडूने सगळ्या शेडवाल्यांना मेसेज टाकला : 'पुढचा आठवडा पिल्लं येणार नाहीत, शेड तयार करू नये.' सगळ्यांना टाकला हो! नाही टाकला फक्त मला आणि अंड्यांना. मला टाकला असता तरी काय करणार होतो म्हणा. अंडं काही कुणाला विचारून फुटत नाही!

तर मंगळवारी फोनवर मी विचारतो, "पिल्लं पाठवू कुठे?"

"अडचण समजून घ्या, साडूभाऊ. या आठवड्याची आपली प्लेसमेंट शून्य, असा आकडा वर गेलाय."

"आकडा गेला, पण पिल्लं आली ना!"

"गेलेला आकडा मागे घेता येत नाही."

"आणि आलेलं पिल्लू आत घालता येतं?"

मग घसा खाकरून म्हणतो, "नष्ट करा."

नष्ट करा! जाताना पंखा बंद करा म्हणावं, तसं! अहो, मी काही साधुसंत नाही. सहा आठवड्यांनी ही पिल्लं कुठे जातात ते मला चांगलं ठाऊक आहे, माझं घर त्याच्यावरच चालतं. पण ते सहा आठवडे तरी त्यांचे आहेत ना? खायचं, प्यायचं, एकमेकांच्या अंगावर पडून झोपायचं... ते कुणी खाल्ले? तर एका चंबूने! माझ्या अंगाचा असा भडका उडाला, तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला यंत्रात बसवलं असतं तर हिटरची गरज पडली नसती!

आता पिल्लाचं कसं असतं, जन्मताना अंड्यातला बलक पोटात घेऊन येतं. ती त्याची शिदोरी. तीन दिवस पुरते. तीन दिवसांत दाणा, पाणी आणि ऊब नाही मिळाली तर खलास. लावले शेडवाल्यांना फोन. पहिला म्हणे, "शेड धुऊन काढलीय, तळं साचलंय." दुसरा म्हणे, "तुमचाच मेसेज होता ना? मी खाली अंथरायला भुसाच आणला नाही." तिसरा सहकुटुंब सासुरवाडीला! आणि हॅचरीत ठेवू तर उद्या दुसरी, अंडी देणाऱ्या जातीची खेप फुटणार. ती काय थांबणार आहे? अंडं काही कुणाला विचारून...

जाऊ दे. बुधवारी सकाळी एकशे वीस खोकी टेम्पोत भरली, खोक्याला शंभर पिल्लं आणि वर दोन, वाटेत काही झालं तर म्हणून, आणि गाडी नेली थेट हेड ऑफिसला. का? तर तिथला मीटिंगचा हॉल! तिथे हिटर असे लावतात की मोठमोठे साहेब बसल्याबसल्या उबतात. यंत्राबाहेर इतकी ऊब मी दुसरीकडे कुठे बघितली नाही. माझे चार गडी, चार दारं... बरं, दोन दारं. साडू आत मोठ्या साहेबांना भिंतीवर आलेख दाखवत होता, सगळे अंधारात, आणि आम्ही मागून गुपचूप खोकी लावली, छतापर्यंत!

एक पिल्लू चिवचिवलं तर गोड वाटतं. बारा हजार चिवचिवली की कानात कुणी पत्रा खरवडतंय असं होतं. साडू सांगतोय, "तर साहेब, या आठवड्यात आपल्याकडे एकही पिल्लू नाही..."

मोठे साहेब म्हणाले, "हा आवाज कसला?"

"प्रोजेक्टरचा, साहेब."

दिवा लागला. साडूचा चेहरा काय वर्णावा! पहिल्यांदाच चंबू न झालेलं त्याचं तोंड मी बघितलं, आ वासलेलं! तेवढ्यात माझा फोन. बायको!

"अहो, तुम्ही भावजींच्या ऑफिसात कोंबड्या सोडल्यात?"

"सोडल्या नाहीत, खोक्यात आहेत."

"ताई रडतेय तिकडे!"

"तिला म्हणावं पिल्लंही रडताहेत, आणि ती बारा हजार आहेत!"

मोठे साहेब उठले. एक पिल्लू उचललं आणि त्याचे पाय स्वतःच्या गालाला लावले. माणूस मुळातला कोंबडीवाला हो! पिल्लाला थंडी वाजतेय का, ते पायावरून कळतं. म्हणाले, "गार पडलेत. चोवीस तास झाले ना? कोण शेड देतंय?"

साडू पुटपुटला, "साहेब, सगळ्यांना नको म्हणून कळवलंय..."

शेवटी कामाला आली कोण, तर आमची शेडवाली काकू, काल जिचा फोन लागलाच नव्हता. फोन लावला तर माझ्यावरच खेकसली, "अरे, कालपासून शेड तापवून बसलेय! कुठे मेलात सगळे?"

"काकू, तुम्हाला मेसेज नाही आला?"

"आला की. पण तीन आठवड्यांमागे अंड्यांचा ट्रक माझ्या दारावरून गेला, तेव्हाच भिंतीवर एकवीस रेघा मारून ठेवल्या. मेसेज काय, कुणीही पाठवतं. ट्रक कुणी उगाच पाठवतं का?"

सहा हजार तिने घेतली. वर उरलेल्या शेडवाल्यांना अशा काही शिव्या घातल्या, की गुरुवारी दुपारपर्यंत तळी आटली, भुसा आला, तिसरा सासुरवाडीहून उठून आला! तरी एकशे सदतीस गेली. मी मोजली. साडू म्हणाला, "वरची दोनशे चाळीस धरलीत तर नुकसान नाहीच!" हात शिवशिवत होता माझा, पण तो पडला मेहुणीचं कुंकू...

आणि पुढे? पुढच्या शुक्रवारी कागद आला. मधल्या काळात बाकी सगळ्या कंपन्यांनी आपापली पिल्लं नष्ट करून टाकली होती. सगळ्यांचा कागद तोच, चंबू तोच! बाजारात पिल्लू औषधाला नाही. होती ती फक्त आमची. साडूला पत्र मिळालं : 'दूरदृष्टीबद्दल अभिनंदन.' फ्रेम करून लावलंय भिंतीवर. मलाही मिळालं पत्र : 'हॉलमधला गालिचा खराब केल्याबद्दल खुलासा करावा.'

आणि परवा पुन्हा फोन. "साडूभाऊ, भरा! या वेळी तीस हजार! बाकीचे घाबरलेत, कुणी भरणार नाही."

म्हटलं, "आणि हेच सगळ्यांना वाटलं तर?"

तर हसला.

वरून लेखी हुकूम आला. काय करता? भरली. आज दुसरा दिवस, अजून एकोणीस आहेत... बरं, तुमच्यापैकी कुणाच्या घरात एखादी उबदार खोली रिकामी आहे का? पत्ता तेवढा देऊन ठेवा. गालिचा असेल तर गुंडाळून ठेवा.