करंगळीशेजारची फट

(वालेन्सियाजवळच्या गावात पेटंटचे अर्ज लिहिणारी एम्पार. समोर तिचा मामा बातिस्त, उघड्या हाताने चेंडू मारण्याच्या खेळातला जुना खेळाडू.)

बातिस्त : माझा अर्ज फेटाळला म्हणजे? त्या तपासनीसाने जन्मात कधी हाताने चेंडू मारलाय का?

एम्पार : त्याची गरजच नाही. तळव्यावर कडक थर, वरून चिकटपट्टी, हा तुझा दावा. तसा हातमोजा आधीच कुणीतरी नोंदवलाय. तुझ्या मोज्यात नवं काय, एवढंच तो विचारतो.

बातिस्त : आधीच? अगं, माझे वडील पट्टीखाली खेळायचे पत्ते घालायचे! अख्खा जोड संपायचा!

एम्पार : हळू बोल, मामा! हे जुनंच आहे असं सांगून स्वतःच्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेतोस? त्यापेक्षा अर्ज मागे घेऊ.

बातिस्त : वेडी की काय! पेटंटशिवाय कारखानदार मोजा करणार नाही. माझ्या नातीचा, नेउसचा हात पाहिलास? काल सामन्यानंतर पोरीला चमचा धरवेना. भात मी भरवला.

एम्पार : आण तो मोजा. आणि ही फट कसली? करंगळीशेजारच्या बोटाखाली थरच नाही.

बातिस्त : सोड ते. चूक आहे.

एम्पार : चुकीला कुणी इतकी सुबक शिवण घालतं?

बातिस्त : माझं ते बोट मोडलेलं आहे, बाई. वाकडं आहे. फट ठेवली की मार आजूबाजूच्या थरावर बसतो, बोटावर नाही. झालं समाधान?

एम्पार : आणि नेउसच्या सरळ बोटाला?

बातिस्त : घरात घालून पाहिला तिने. म्हणाली, आजोबा, दुखतच नाही.

एम्पार : अरे देवा! आधीचे सगळे म्हणतात, हात पुरता झाका. तू नेमकं उलट केलंस. हेच तर नवं! नवा अर्ज करते. पण खरं सांग, ही फट कुणी पाहिलीय? लोकांनी आधीच पाहिलेलं नवं धरत नाहीत, आणि सामन्याला अख्खं गाव बसतं.

बातिस्त : छे! संडासात कडी लावून वर पट्टी गुंडाळायचो. कळलं असतं तर समोरून खेळणाऱ्या त्या रेमिजीने प्रत्येक चेंडू तिथेच हाणला असता.

एम्पार : आणि मामी?

बातिस्त : शिवलं तिनेच. पण ती मला जे बोलायचं ते तोंडावर बोलते, गावात नाही.

एम्पार : सुटलो! तुझा ताठा एकदाचा कामाला आला. दे हात, चित्र काढते.

बातिस्त : चित्र कोण बघणार?

एम्पार : पेटंट छापतात, मामा. कुणीही वाचू शकतं. रेमिजीसुद्धा.

बातिस्त : रेमिजी? मेलो! जन्मभर त्याला सांगत आलोय, माझं काही मोडलेलं नाही म्हणून.

एम्पार : मग राहू दे?

बातिस्त : नको. नेउसला अजून खूप खेळायचंय. हा घे हात. आणि हे बघ, बोट सरळ काढू नकोस.