वाकड्या करंगळीचा पंजा

छोट्याशा संग्रहालयात मऊ चॉकलेटची एक भिंत उभारली होती आणि तिच्यावर पंजा उमटवायला रांग लागली होती. माझ्या पुढे एक सासू-सून होत्या. सुनेनं तिथल्या रखवालदाराला मोबाइलमधला फोटो दाखवला.

“दादा, हा पंजा कुठे आहे हो? करंगळी वाकडी आहे बघा.”

“कधीचा, ताई?”

“गेल्या महिन्यातला. माझ्या नवऱ्याचा.”

“मग कुठला सापडायला! रोज संध्याकाळी भिंत वितळवतो आम्ही, सकाळी पुन्हा नवी थापतो.”

“काय म्हणतायत गं ते?”

“भिंत रोज वितळवतात, पुसला म्हणतायत, आई.”

“त्यांनाच आणायचं की, आजी. नवा उमटवला असता.”

“माझा लेक गेला हो. इथून गेला आणि दुसऱ्याच दिवशी ट्रकनं उडवलं त्याला.”

“अरेरे! माफ करा, आजी. मला काय माहीत...”

“तुमचा काय दोष? पण ते वितळवलेलं टाकून देता का?”

“छे, छे. तेच परत लावतो.”

“म्हणजे असेल यातच कुठेतरी.”

“असेल की. तुम्हीपण लावा ना हात.”

“लावा, आई. मी धरते तुम्हाला.”

“नको गं. जो काही उरला असेल, तोही माझ्या हातानं मोडायचा.”