हल्लु आणि हळू

बंगळूरच्या दंतवैद्याकडे वसुमतीअक्का सुजलेला गाल धरून बसल्या होत्या. शेजारचे दोघे कॉलेजकुमार मराठीत बोलू लागले, तसे त्यांचे कान तिकडे लागले.

"गुंडो, दुखरी दाढ तशीच आहे. काल डॉक्टरांनी चांगली होती तीच काढली."

"तू बोलला नाहीस, दिनकर?"

"बोललो की. चिमटा लावून त्यांनी विचारलं, 'हल्लु?' म्हटलं, हो, हळू."

"अरे, कानडीत हल्लु म्हणजे दात. हाच का, असं विचारलं त्यांनी."

"मला वाटलं, माणूस दयाळू आहे. मेसमध्ये त्या चांगल्या दाढेनंच चावत होतो रे मी. आता काय गिळायचं? बरं, हळूला कानडीत काय म्हणतात?"

"निधान."

"निदान? ते तर कालच चुकलं."