विक्याची पुस्तकं

आमी अजून जुन्याच पुस्तकांवर खेळतो म्हणून हसता ना बे? मंग ऐका. फासे टाकून आपापलं पात्र रंगवायचा हा खेळ आमाले विक्यानं शिकवला. तो अपघातात गेला. त्याचे बाबा नांदुऱ्यात धान्याचे आडते. त्याची या खेळाच्या नियमाची पुस्तकं इकत घ्याले आमी त्याच्या घरी गेलो.

काका म्हणाले, "नव्या नियमाची पुस्तकं निघाली म्हणे. अर्धेच पैसे द्या."

मी म्हणलं, "पूर्ण घ्या ना काका."

"नवा माल आला की जुन्याचा भाव उतरतेच, लेका. फक्त खेळसान तं याच नियमानं खेळा."

"काऊन काका?"

पुस्तकं पिशवीत भरता भरता ते म्हणाले, "नवे विक्याले येत नाहीत."